राष्ट्रपतिपदाच्या चर्चेतली फुगलेली नावं

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. विचारणारी मुलगी ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. ती विचारते : २०२७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक आहे आणि आतापासून नावं कानावर पडतात. त्यांतली कुठली खरोखर वजनदार आणि कुठली उगाच मोठी केलेली, हे ओळखायचं कसं? पुन्हा एखादा मराठी माणूस राष्ट्रपती होईल का? आणि मतं फुटून धक्कादायक निकाल लागण्याची शक्यता किती?

माझी सगळी नोकरी विधिमंडळाच्या वार्तांकनात गेली. विधान भवनात या निवडणुकीचं मतदान अनेकदा जवळून पाहिलं, त्याआधीच्या महिन्यांतली कुजबुज ऐकली, आणि ज्यांची नावं हवेत होती त्यांना नंतर घरी बसलेलंही पाहिलं. त्यावरून सांगतो : जे नाव जून उजाडण्याआधी सगळ्यांच्या तोंडी असतं, ते जवळजवळ नेहमी फुगलेलं असतं. हे का होतं ते समजलं, तर पुढची कुठलीही चर्चा ऐकताना तुम्ही फसणार नाही.

आधी तारखा पाहा. प्रतिभाताई पाटील यांचं नाव १४ जून २००७ ला जाहीर झालं. प्रणव मुखर्जींचं १५ जून २०१२ ला. रामनाथ कोविंद यांचं १९ जून २०१७ ला आणि द्रौपदी मुर्मू यांचं २१ जून २०२२ ला. मतदान जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि शपथविधी २५ जुलैला. म्हणजे निर्णय घेणाऱ्यांनी चारही वेळा शेवटच्या महिन्यापर्यंत पत्ते उघड केले नाहीत. त्याआधी जी नावं बाहेर येतात त्यांतली काही विरोधकांचा अंदाज घेण्यासाठी सोडलेल्या पुड्या असतात. काही नावं इच्छुकांच्या जवळच्या माणसांनी पेरलेली असतात, आणि बरीचशी आम्हा पत्रकारांनी जागा भरायला लिहिलेली असतात. कोविंद यांचं नाव जाहीर झालं त्या दुपारी देशभरातल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्यांच्याविषयीचा मजकूर शोधण्याची धावपळ उडाली होती. अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुमित्रा महाजन यांच्यावरचे लेख मात्र तयार होते. कोविंद तेव्हा बिहारचे राज्यपाल होते आणि त्याआधी बारा वर्षं राज्यसभेत बसले होते. माणूस अपरिचित नव्हता, फक्त चर्चेत नव्हता.

आता मतदार कोण, ते बघू. इथेच बहुतेकांची गल्लत होते. या निवडणुकीत तुमचं-माझं मत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार, त्यांत दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदारही, एवढेच मतदार. विधान परिषदेच्या सदस्यांना मत नाही, नामनियुक्त खासदारांनाही नाही. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं : उत्तर प्रदेशचा आमदार २०८, महाराष्ट्राचा १७५, सिक्कीमचा ७. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो, आणि जिंकायला एकूण वैध मतमूल्याच्या अर्ध्याहून जास्त लागतं.

ठाण्याच्या वाचकाला हा हिशेब घरच्या उदाहरणाने कळेल. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे अठरा मतदारसंघ आहेत, शहापूर-मुरबाडपासून मीरा-भाईंदर, कोपरी-पाचपाखाडी, ऐरोली आणि बेलापूरपर्यंत. अठरा गुणिले १७५ म्हणजे ३,१५०. गोव्याची पूर्ण विधानसभा ८००, मणिपूरची १,०८०, सिक्कीमची २२४. तिन्ही विधानसभा एकत्र केल्या तरी ठाणे जिल्ह्याचे अठरा आमदार त्यांच्यापेक्षा भारी पडतात. त्यात ठाणे, कल्याण आणि भिवंडीचे तीन खासदार मिळवा, आणखी २,१००.

ही मूल्यं अजून १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली आहेत. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जुनीच लोकसंख्या धरायची. १९७१ साली नवी मुंबई वसवणारी सिडको जेमतेम वर्षभराची होती. वाशी, नेरूळ, खारघरच्या जागी खाडीकाठची गावं आणि भातखाचरं होती. आज तिथे राहणारी लाखो माणसं या हिशेबात कुठेच नाहीत. मला हे मनापासून खटकतं. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये म्हणून आकडे गोठवले, हे कारण मला मान्य आहे. तरीही, आपल्या आमदाराचं मत कुठल्या काळातल्या माणसांच्या संख्येवर मोजलं जातं, हे ऐरोलीच्या मतदाराला ठाऊक असायला हवं.

या मतदारवर्गाचं एक वैशिष्ट्य आहे. लोकप्रियता त्याच्या दारात येऊन थांबते. याचा सर्वांत लख्ख पुरावा म्हणजे १९९७ ची निवडणूक. टी. एन. शेषन यांच्याइतकं घराघरात पोहोचलेलं सरकारी अधिकाऱ्याचं नाव त्या काळात दुसरं नव्हतं. निवडणूक आयोगाचा दरारा त्यांनी निर्माण केला, हे निर्विवाद. ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, शिवसेनेने पाठिंबा दिला, आणि ठाण्यात त्या वेळी शिवसेनेचा शब्द म्हणजे काय होता ते जुन्या ठाणेकरांना सांगायला नको. मतमोजणीत के. आर. नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मतं मिळाली आणि शेषन यांना ५०,६३१. अनामत गेली. ज्या आमदार-खासदारांच्या निवडणुका शेषन यांनी कडक शिस्तीत घेतल्या, तेच इथे मतदार होते. पण ते कारणसुद्धा दुय्यम आहे. नारायणन यांच्यामागे जवळजवळ सगळे पक्ष उभे होते, आणि ते ठरलं तेव्हाच निवडणूक संपली होती.

डॉ. कलाम यांचं उदाहरण याहून जास्त शिकवतं. २००२ मध्ये ते ९,२२,८८४ मूल्याची मतं घेऊन निवडून आले. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की राजकारणाबाहेरचा, सगळ्यांना प्रिय असलेला माणूस या पदावर सहज जातो. तेव्हापासून दर निवडणुकीआधी शास्त्रज्ञ, अभियंते, माजी न्यायाधीश यांची नावं येतात. २०१७ मध्ये शिवसेनेने आधी मोहन भागवत आणि मग एम. एस. स्वामीनाथन यांची नावं पुढे केली होती. भागवतांनी आपण हे पद स्वीकारणार नाही, असं आधीच जाहीर केलं होतं. पण २००२ मध्ये नेमकं काय घडलं ते आठवा. सत्ताधारी आघाडीचा कल पी. सी. अलेक्झांडर यांच्याकडे होता. आपल्या मलबार हिलच्या राजभवनात ते १९९३ पासून राज्यपाल होते, त्यामुळे मुंबईत तर त्यांचं नाव पक्कं धरलं जात होतं. काँग्रेसने विरोध केला. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचंही नाव मागे पडलं. त्या कोंडीतून कलाम यांचं नाव वर आलं, मुलायमसिंहांनी ते उचललं आणि काँग्रेसला नाही म्हणणं जड गेलं. कलाम मोठे होतेच, पण त्यांना राष्ट्रपती केलं ते कोंडीने. पाच वर्षांनी त्यांची लोकप्रियता कितीतरी वाढली होती. त्यांना दुसरी संधी मिळावी अशी मागणी झाली, तिसऱ्या आघाडीने त्यांचं नाव लावून धरलं. विजयाची खात्री असेल तरच विचार करू, असं त्यांनी कळवलं. ती खात्री कोणी देऊ शकलं नाही आणि ते बाजूला झाले. देशातला सर्वांत लोकप्रिय राष्ट्रपती आणि पाठीशी मतं नाहीत. या निवडणुकीचा स्वभाव समजून घ्यायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

तेव्हा २०२७ साठी तुमच्या कानावर एखादं बिगरराजकीय, सर्वमान्य, निष्कलंक नाव आलं, तर त्या व्यक्तीचा आदर जरूर करा. पण आधी विचारा : सत्ताधारी आणि विरोधक दोघेही अडकलेत का? बहुमताच्या जवळ असलेल्या आघाडीला अशा तडजोडीची गरज लागत नाही.

दुसरं फुगणारं नाव उपराष्ट्रपतींचं. याची मुळं खऱ्या इतिहासात आहेत, म्हणून ते जास्त फसवतं. पहिल्या नऊ उपराष्ट्रपतींपैकी सहा जण पुढे राष्ट्रपती झाले : राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा आणि नारायणन. जिना ठरलेला होता. १९९७ नंतर मात्र त्या जिन्याने एकही जण वर गेला नाही. भैरोंसिंह शेखावत २००७ मध्ये लढून हरले. हमीद अन्सारी दहा वर्षं पदावर राहिले आणि २०१२ मध्ये त्यांचं नाव जोरात होतं. व्यंकय्या नायडूंचं नाव २०२२ मध्ये होतं. जगदीप धनखड यांनी तर मुदत संपण्याआधी, २१ जुलै २०२५ ला राजीनामा दिला.

त्यांच्या जागी सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन निवडून आले, तेही महाराष्ट्राच्या राजभवनातून. त्यामुळे आपल्याकडे त्यांच्या नावाची चर्चा होणं स्वाभाविक आहे. माझ्या मते २०२७ साठी हे नाव जास्त मोजलं जातं, आणि त्याचं कारण त्यांच्या पात्रतेत नसून वेळापत्रकात आहे. पूर्वी राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या दोघांच्या मुदती एकाच पावसाळ्यात मागेपुढे संपत, त्यामुळे बढती सोपी असे. धनखड यांच्या राजीनाम्याने ती साखळी तुटली. राधाकृष्णन यांची मुदत २०३० पर्यंत आहे. त्यांना २०२७ मध्ये वर पाठवायचं तर लगेच दुसरी निवडणूक घ्यावी लागेल आणि राज्यसभेला पुन्हा नवा सभापती शोधावा लागेल. हे अशक्य नाही. पण ज्याला एवढ्यासाठी दोन निवडणुका घ्याव्या लागतात ते सरकार आधी दुसरे पर्याय तपासतं.

विद्यमान राष्ट्रपतींना दुसरी मुदत मिळेल, हाही असाच एक अंदाज. आजवर दुसऱ्यांदा निवडून आले ते फक्त डॉ. राजेंद्रप्रसाद, १९५२ आणि १९५७ मध्ये. त्यानंतर कोणालाही नाही. मुर्मू यांच्याबाबत वेगळं होईल असं मानायला आज तरी ठोस आधार दिसत नाही.

आता ज्येष्ठ नेत्यांविषयी थोडं थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त शाई याच नावांवर खर्च होते. एखाद्याने पक्ष उभा केला, पन्नास वर्षं घालवली, आता पंतप्रधानपद मिळणार नाही, तेव्हा राष्ट्रपतिपद तरी मिळावं, असं लोकांना मनापासून वाटतं. ही भावना चांगली आहे. पण पंतप्रधानाच्या खुर्चीतून पाहा. लोकसभा त्रिशंकू झाली तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचं ते राष्ट्रपती ठरवतात. विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. अशा जागी स्वतःचे अनुयायी, स्वतःचं मत आणि स्वतःचा राजकीय हिशेब असलेली व्यक्ती बसवायला कुठलाही पंतप्रधान सहजासहजी तयार होत नाही. म्हणून या शर्यतीत ज्येष्ठाचं वजनच त्याच्या आड येतं. अडवाणींचं २०१७ मध्ये तेच झालं, आणि बाबरी खटल्यात कटाचा आरोप पुन्हा चालवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याच एप्रिलमध्ये आला होता. प्रणव मुखर्जी याला अपवाद वाटतात. पण तिथेही वाट सरळ नव्हती. १३ जून २०१२ ला ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी दिल्लीत एकत्र येऊन कलाम, मनमोहनसिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावं जाहीर केली. दोन दिवस देशात दुसरा विषय नव्हता. १५ तारखेला प्रणवदांचं नाव जाहीर झालं, मुलायमसिंहांनी त्यांना पाठिंबा दिला आणि ती तीन नावं हवेत विरली. पुढे ममतांनीही प्रणवदांनाच मत दिलं. दोन दिवस देशाचे मथळे व्यापणारं नावसुद्धा किती पोकळ असू शकतं, ते त्या आठवड्यात दिसलं.

मराठी माणसाच्या प्रश्नाकडे येतो. मासुंदा तलावाच्या कट्ट्यापासून ठाणे-वाशी लोकलपर्यंत हा प्रश्न दर पाच वर्षांनी निघतो, आणि मलाही तो जिव्हाळ्याचा आहे. १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारा हा माणूस. महाराष्ट्राला त्यांच्याविषयी किती आदर होता ते सांगायला नको. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं, आणि पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मतं घेऊन ते तिसरे आले. त्याच वेळी काँग्रेसच्या संसदीय मंडळात यशवंतराव चव्हाणांनी कौल दिला होता नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने. मराठी अभिमान आणि पक्षाचा निर्णय या दोन गोष्टी किती वेगळ्या चालतात, ते तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

२००७ मध्ये प्रतिभाताई झाल्या, त्या घटनेचाही आपण सोयीचा अर्थ लावतो. त्या वर्षी चर्चेत असलेली मराठी नावं दुसरीच होती. लातूरचे शिवराज पाटील तेव्हा गृहमंत्री होते आणि काँग्रेसचा कल त्यांच्याकडे होता. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्यांनी ते मान्य केलं नाही. सुशीलकुमार शिंदे यांचंही नाव घेतलं जात होतं. ही सगळी नावं बाजूला झाल्यावर राजस्थानच्या राज्यपाल असलेल्या प्रतिभाताईंचं नाव आलं, पहिली महिला राष्ट्रपती म्हणून, आणि डाव्यांनी हो म्हटलं. मराठीपणाचा उपयोग झाला तो त्यानंतर. शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही बाळासाहेब ठाकरेंनी मराठी उमेदवार म्हणून पाठिंबा दिला. शेखावत यांचे सगळ्या पक्षांत स्नेहसंबंध होते आणि त्यांच्या वैयक्तिक मैत्रीवर मतं फुटतील असं छातीठोकपणे लिहिलं गेलं होतं. निकाल लागला तेव्हा प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६. एका जुन्या, दिलदार नेत्याची मैत्री राष्ट्रपती निवडणुकीत किती मतं आणते, याचं उत्तर त्या आकड्यांत आहे.

तेव्हा माझं मत असं : नाव मराठी आहे म्हणून दिल्ली कोणाला उमेदवार करत नाही. ते नाव दुसऱ्या कारणासाठी निवडलं गेलं आणि मराठी निघालं, तर महाराष्ट्रातून जास्तीची मतं मिळतात. सुमित्राताई महाजन यांच्या वेळी, म्हणजे २०१७ मध्ये, आपण त्यांचं चिपळूणचं माहेर मथळ्यांत आणलं. निर्णय घेणाऱ्यांसाठी त्या इंदूरच्या खासदार आणि लोकसभेच्या अध्यक्षा होत्या, आणि निर्णय घेणाऱ्यांना त्या वर्षी वेगळा संदेश द्यायचा होता. २०२७ साठी कोणी राज्यातल्या एखाद्या बड्या नेत्याचं नाव घेतलं तर हेच विचारा : त्याला दिल्लीत बसवून सत्ताधाऱ्यांना कुठल्या राज्यात, कुठल्या समाजात काय मिळणार? महाराष्ट्राच्या विधानसभेत २०२४ च्या निकालाप्रमाणे महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचे मिळून २३० आमदार आले. मूल्य ४०,२५०. ही मतं त्यांना मराठी उमेदवार न देताही मिळणारच आहेत. जिथली मतं आधीच पदरात आहेत तिथला उमेदवार कोण कशाला शोधेल?

विरोधी बाजूला नावं वेगळ्या कारणाने फुगतात. जून २०२२ मध्ये ममता बॅनर्जींनी दिल्लीत बैठक घेतली आणि शरद पवार यांनी उभं राहावं असा आग्रह झाला. पवारांनी नकार दिला. मग फारुख अब्दुल्ला, मग गोपाळकृष्ण गांधी, दोघांनीही नम्रपणे नाही म्हटलं. शेवटी यशवंत सिन्हा. यात पवारांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. आयुष्यभर आकड्यांचं राजकारण केलेल्या माणसाला आपल्या बाजूचे आकडे दिसत होते, एवढंच. विरोधकांकडून ज्याचं नाव सर्वांत आधी येतं तो बहुधा उभा राहत नाही, कारण हरण्यासाठी उभं राहायला तयार असलेला ज्येष्ठ नेता दुर्मीळ असतो. म्हणून अशा पराभवाला सामोरे गेलेल्यांविषयी मला नेहमी आदर वाटला आहे. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना १९८२ मध्ये आणि कृष्णा अय्यर १९८७ मध्ये हरणार हे जाणून उभे राहिले. त्यांना कोणी फुगवलेलं नव्हतं. त्यांनी तत्त्वासाठी लढत दिली.

तिसरा प्रश्न, मतं फुटण्याचा. या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, पक्षांतरबंदी लागू होत नाही, मतपत्रिका गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, इथे तशी मुभा नाही. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी, आणि २०१७ पासून आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच पसंतीक्रम लिहायचा. हे सगळं वाचून वाटतं की काहीही घडू शकेल. म्हणून दर वेळी धक्कादायक निकालाची भाकितं होतात, आणि मागे पडलेल्या उमेदवाराचं नाव शेवटच्या आठवड्यात पुन्हा फुगतं.

धक्कादायक निकाल एकदाच लागला, १९६९ मध्ये. झाकीर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं होतं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी होते आणि त्यांच्या अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही होती. पण रेड्डींना पक्षातल्या ज्येष्ठांच्या गटाने, कामराज, निजलिंगप्पा, मुंबईचे स. का. पाटील यांनी पुढे केलं होतं. इंदिराबाईंनी अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत देण्याचं आवाहन केलं. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ वर आणि रेड्डी ३,१३,५४८ वर. कोणालाच बहुमत नाही. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. देशमुखांच्या बाजूची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, तरी ते ४,०५,४२७ वर अडकले आणि गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून जिंकले. सर्वांत पक्कं वाटलेलं नाव हरलं. हेच रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

त्या निकालाचा धडा अनेक जण उलटा घेतात. १९६९ मध्ये मतं फुटली ती पंतप्रधानांच्या इच्छेच्या दिशेने. सत्तेच्या विरुद्ध फुटली नाहीत. त्यानंतरही तेच दिसतं. सप्टेंबर २०२५ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी आपली ३१५ मतं असल्याचं सांगितलं होतं. त्यांचे उमेदवार सुदर्शन रेड्डी यांना मिळाली ३००, राधाकृष्णन यांना ४५२, आणि १५ मतं बाद झाली. मतपेटीत गुप्तता असली की डगमगणारा माणूस जिंकणाऱ्याकडे झुकतो. हरणाऱ्या उमेदवाराला गुप्तपणे मत देऊन त्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे विरोधी उमेदवार मतं फोडून जिंकेल, हे भाकीत मी सर्वांत जास्त फुगलेलं मानतो.

मग २०२७ मध्ये खरं लक्ष कुठे ठेवायचं? त्या वर्षीच्या पूर्वार्धात उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, गोवा आणि मणिपूर या विधानसभांच्या निवडणुका अपेक्षित आहेत. एकट्या उत्तर प्रदेशच्या ४०३ आमदारांचं मूल्य ८३,८२४ होतं. पाच राज्यं मिळून लाखाच्या वर. हे आकडे हाती येईपर्यंत खुद्द उमेदवार ठरवणाऱ्यांनाही पाया माहीत नसतो. दुसरं, २०२४ च्या लोकसभेत भाजपच्या २४० जागा आल्या. २०१९ मध्ये ३०३ होत्या. म्हणजे मित्रपक्षांची किंमत वाढली. शिंदे यांच्या शिवसेनेचे २०२४ मध्ये ५७ आमदार आणि सात खासदार निवडून आले. २०२२ च्या दराने ते मूल्य १४,८७५ होतं, पंजाबच्या अख्ख्या विधानसभेपेक्षा जास्त. तेलुगू देसम आणि जनता दल युनायटेड यांचंही तसंच. त्यामुळे मित्रपक्षांना अवघड वाटेल असा उमेदवार निवडला जाण्याची शक्यता कमी होते, आणि विरोधकांतल्या एखाद-दुसऱ्या पक्षाला नाही म्हणता येणार नाही असा उमेदवार निवडला जाण्याची शक्यता वाढते. मुर्मू यांच्या वेळी तसंच झालं. झारखंड मुक्ती मोर्चा आदिवासी महिलेला विरोध करू शकला नाही. आपल्याकडे सत्तांतर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, शिवसेनेचे दोन्ही गट एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, तरी दोघांनीही मुर्मूंनाच पाठिंबा दिला.

आणखी एक निरीक्षण. शेवटच्या चार राष्ट्रपतींपैकी तिघे राज्यपाल होते किंवा राहून गेले होते : प्रतिभाताई राजस्थानच्या, कोविंद बिहारचे, मुर्मू झारखंडच्या. तिघांच्याही बाबतीत आधीच्या सहा महिन्यांत मथळ्यांत दुसऱ्याच नावांना ठळक जागा होती. अभ्यास करणाऱ्यांनी देशातल्या आजी-माजी राज्यपालांची यादी समोर ठेवावी. कोण कुठल्या समाजातला, कुठल्या राज्यातला, किती काळ विधिमंडळात किंवा संसदेत काढलेला, कुठल्या वादात न अडकलेला, एवढं लिहून काढावं. मथळ्यांपेक्षा त्या कागदावर जास्त सापडेल.

आणि जूनमध्ये अर्ज भरले जातील त्या दिवशी उमेदवारापेक्षा त्याच्या सूचकांच्या आणि अनुमोदकांच्या याद्या वाचा. पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, आणि प्रत्येक सही मतदाराचीच असावी लागते. २०२२ मध्ये नवीन पटनायकांनी मुर्मूंच्या अर्जावर सह्या करायला ओडिशाचे दोन मंत्री दिल्लीला पाठवले, तेव्हा बिजू जनता दलाची मतं कुठे जाणार ते मतदानाच्या तीन आठवडे आधीच कागदावर आलं होतं. त्या याद्यांत सत्ताधारी आघाडीबाहेरच्या एखाद्या पक्षाची सही दिसली, तर त्या पक्षाच्या आमदारांची संख्या आणि त्यांच्या राज्याचं मूल्य यांचा गुणाकार करा आणि अर्ध्या मतांच्या रेषेशी ताडून पाहा.